वसुलीचा फोन आणि वाढलेला रक्तदाब

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ झोप लागत नाही म्हणून माझ्या दवाखान्यात आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, कायमची नोकरी, व्यसन नाही. रक्तदाब १६०/१००. मी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले आणि झोपेच्या थोड्या गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, तेव्हाही रक्तदाब तेवढाच. नाडी पाहत असतानाच त्यांच्या खिशातला फोन वाजला आणि नाडी एकदम धावू लागली. "कोणाचा हो फोन?" असे विचारताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

क्रेडिट कार्डाची थकबाकी होती. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी कार्ड वापरले, पुढे हप्ते चुकले. वसुलीवाले रात्री दहालाही फोन करीत. एकदा तर कचेरीतल्या साहेबांनाच फोन केला. घरी बायकोला काहीच ठाऊक नव्हते. "डॉक्टर, झोपेच्या गोळ्या जरा जास्त दिवसांच्या द्या," असे ते म्हणाले, तेव्हा मी चरकलो. पहिल्याच दिवशी "कसली काळजी आहे का?" एवढे मी विचारायला हवे होते. ते राहिले, ही चूक माझी.

गोळ्या दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन यायला सांगितले. त्या रागावल्या, रडल्या आणि मग म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत?" त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी झोपले. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, की कर्ज घरात सांगा. लपवलेले कर्ज व्याजापेक्षा वेगाने माणसाला खाते.

दुसरे, 'किमान रक्कम' भरत राहण्याच्या भ्रमात राहू नका. पन्नास हजार थकले आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले तर १७५० रुपये व्याज आणि त्यावर ३१५ रुपये कर होतो. २५०० भरले तरी मुद्दल जेमतेम ४३५ रुपयांनी उतरते. कार्ड वापरणे थांबवा आणि ते फेडायला दुसरे महाग कर्ज काढू नका. बँकेला लेखी अर्ज करून कमी व्याजाचे हप्ते बांधून मागा. तडजोड ठरली तर आधी बँकेचे पत्र घ्या, मग पैसे भरा. वसुलीवाल्याच्या हातात रोख देऊ नका. शेवटी बेबाकीचा दाखला घ्या. तडजोडीची नोंद पतअहवालात राहते, हेही ध्यानात ठेवा. पगार चालू असेल तर बहुतेकांचे एवढ्यावर भागते, नादारीच्या अर्जापर्यंत जावे लागत नाही.

तिसरे, घाबरू नका. केवळ कार्डाचे पैसे देता आले नाहीत म्हणून तुरुंगात जावे लागत नाही. तो दिवाणी मामला आहे. (दिलेला धनादेश वटला नाही तर मात्र फौजदारी होऊ शकते.) सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर फोन करणे, धमकावणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाईक-मित्रांना त्रास देणे यांना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने मनाई केली आहे. फोनची तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही. धमकी असेल तर सरळ पोलीस ठाणे गाठा.

घेतलेले पैसे फेडावेत, हे मी मानतो. पण फेडायला माणूस धड राहिला पाहिजे. छातीत धडधड, झोप उडणे, जेवण न जाणे अशी लक्षणे असतील तर डॉक्टरांना कर्जाचेही सांगा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर क्षणभरही एकटे राहू नका. 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

ते गृहस्थ अजून हप्ते भरताहेत. परवा रक्तदाब १३०/८४ होता.