व्यवहारशुद्धी : जुन्या गाडीचे पूर्वसंचित

जीवाने बांधलेले कर्म त्याचे त्यालाच भोगावे लागते. ते दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही, अशी जैन दर्शनाची शिकवण आहे. जुन्या वाहनाचा न्याय मात्र उलटा असतो. हयगय एकाची आणि तिचे फळ दुसऱ्याच्या पदरी, तेही रोख रक्कम मोजून.

बुलढाणा जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांत जुनी मालवाहू गाडी घेणे ही नित्याची बाब आहे. खामगाव, मलकापूर, चिखली येथील पेठांतून किराणा, कापड, बी-बियाणे खेडोपाडी पोहोचवायचे तर गाडीवाचून चालत नाही, आणि वेगळा व्यवसाय थाटू पाहणाऱ्या तरुणाला नवी गाडी परवडतेच असे नाही. बाहेरून रंग लावलेली, आतून धुऊन-पुसून ठेवलेली गाडी पसंत पडते, विसार दिला जातो. पहिले दोन महिने सुखाचे जातात. मग वैशाखातल्या एखाद्या दुपारी, भरल्या मालानिशी मोताळ्याकडून राजूर घाट चढताना उष्णतेचा काटा तांबड्या खुणेवर जातो आणि बॉनेटखालून वाफ येऊ लागते.

या दुखण्याचे एक मूळ जिल्ह्याच्या पाण्यातच आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील अनेक गावांत बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. चार पैसे वाचवण्यासाठी आधीचा मालक कूलंटऐवजी हेच पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतत राहतो. पाणी तापते तसतसे क्षार नळ्यांच्या आतून थर धरतात. शिवाय ते अॅल्युमिनियमचे हेडही हळूहळू कुरतडतात. पाण्याची वाट अरुंद झाली की इंजिन तापू लागते. अशा वेळी रेडिएटर साफ करण्याऐवजी थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा आणि पंखा थेट बॅटरीला जोडण्याचा सोपा उपाय केला जातो. काटा काही काळ खाली राहतो, दुखणे मात्र आत वाढत जाते. अखेरीस हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी ऑइलमध्ये मिसळते. गाडी विकायला निघते ती बहुधा याच्या थोडे आधी.

म्हणून गाडी पाहण्यास जावे ते सकाळी, इंजिन थंड असताना. विकणाऱ्याने ती आधीच सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटवर हात ठेवताच कळते, आणि तसे असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिनाचेच रेडिएटरचे झाकण उघडावे. गरम असताना उघडल्यास उकळते पाणी अंगावर येते. आतील पाणी गंजाच्या रंगाचे असेल किंवा इंजिन चालू असताना त्यात सतत बुडबुडे येत असतील तर सावध व्हावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे हे पाणी मिसळल्याचे लक्षण असू शकते. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा, इंजिन तापल्यावरही न थांबणारा दाट पांढरा धूर बहुधा पाणी जळत असल्याचा असतो. आपल्या विश्वासातील मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घेण्यास लागणारा खर्च हा गाडीच्या किमतीचाच भाग समजावा.

तरीही दोषी गाडी गळ्यात पडलीच, तर दुरुस्तीचा क्रम चुकू देऊ नये. केवळ गॅस्केट बदलून भागत नाही. रेडिएटर तुंबलेलाच राहिला तर नवे गॅस्केटही काही दिवसांतच जाते. आधी रेडिएटर आणि इंजिनातील पाण्याचे मार्ग स्वच्छ करावेत, वॉटर पंप व रबरी होज तपासावेत, काढून टाकलेला थर्मोस्टॅट नवा बसवावा. हेड लेथवाल्याकडे नेऊन सपाट आहे की नाही, तडा गेला आहे का, हे पाहून घ्यावे. मगच गॅस्केट, नवे ऑइल आणि कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट. वैद्य ताप उतरवण्यापूर्वी तापाचे कारण शोधतो, तसेच हे आहे.

खरी कसोटी मात्र याच्यापुढची आहे. खर्चाचा आकडा ऐकल्यावर घरातील कोणीतरी हमखास सुचवते की, जाड ऑइल घालून धूर दाबावा आणि गाडी पुढच्याच्या गळ्यात मारावी. आपल्याला फसवले, तसे आपणही करावे. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 17 वे कलम माहीत असलेला दोष हेतुपुरस्सर झाकणे ही फसवणूक मानते. निव्वळ मौनाला मात्र ते प्रत्येक वेळी फसवणूक म्हणत नाही. श्रावकाला ही पळवाट नाही. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातील सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार सांगितला आहे. किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे हा खोटा लेखच होय, आणि जाड ऑइलने निरोगी भासवलेले इंजिन हा निकृष्ट माल उत्तम म्हणून खपवण्याचाच प्रकार.

शिवाय यात अहिंसेचाही प्रश्न आहे. घाटात बंद पडलेल्या गाडीत एक ड्रायव्हर बसलेला असतो, बहुधा कुणाच्या तरी घरचा एकमेव कमावता. दोष लपवून मिळवलेल्या चार पैशांत त्याच्या जिवाचा धोकाही मोजला गेलेला असतो.

कागदपत्रांतही हीच शुद्धता हवी. गाडी राज्यातच विकली असेल तर मोटार वाहन कायद्यानुसार विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते. नोंद जुन्याच नावावर राहिली आणि अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दुरुस्तीची बिले एका फाइलमध्ये लावावीत आणि गाडी विकताना ती फाइल किल्लीबरोबर द्यावी. काय बिघडले होते, काय बदलले, काय अजून राहिले आहे, हे तोंडाने सांगावे. किंमत थोडी कमी येईल. पण त्याच गिऱ्हाइकाला उद्या दुकानात यायचे असते, आणि त्याच्या मुलाला परवा. पेढीची पत अशाच व्यवहारांतून बांधली जाते. आधीच्या धन्याने सुरू केलेली फसवणुकीची साखळी आपल्या दारात तुटली, तर दुरुस्तीवर झालेला खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.