तीस दिवसांत सेवा सुधारा, नाहीतर फी परत करा

झटपट घरपोच माल देण्याच्या नावाने महिन्याची, तिमाहीची किंवा वर्षाची सभासद फी घेणाऱ्या सर्व ऑनलाइन कंपन्यांना हा जाहीर इशारा आहे. तो चिखलोलीतून दिला जात आहे आणि देणारा तुमचा फी भरणारा ग्राहक आहे. दादरच्या माणसाकडून तुम्ही जेवढी फी घेता, तेवढीच आमच्याकडून घेता. सेवा मात्र पिनकोड पाहून देता. हे यापुढे चालू देणार नाही.

चिखलोली कुठे आहे, हे तुमच्या नकाशाला अजून नीट कळलेले दिसत नाही, म्हणून सांगतो. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधला हा पट्टा. एका बाजूला एमआयडीसी, जवळच चिखलोली धरण आणि कल्याण-बदलापूर रस्त्याच्या आसपास गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या मोठमोठ्या सोसायट्या. रेल्वेच्या कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेच्या कामात चिखलोली स्थानकाचा समावेश आहे. ते होईपर्यंत अंबरनाथ नाहीतर बदलापूर गाठायचे आणि तिथून पुढे लोकलमध्ये उभे राहायचे. सकाळी घर सोडणारा माणूस परत येतो तेव्हा बाजारात जायचे त्राण उरलेले नसते. आम्ही तुमची सभासदत्वे घेतली ती याच कारणासाठी. घरात म्हातारी माणसे आहेत, लहान मुले आहेत, दोघे नवराबायको नोकरीला आहेत. 'उद्या पोहोचेल' असा शब्द देऊन तुम्ही पैसे घेतलेत आणि त्या शब्दावर आम्ही घरचे नियोजन केले.

आता काय होते ते ऐका. ऑर्डर देताना 'उद्या' दिसते, पैसे गेले की ते 'परवा' होते. सकाळी 'डिलिव्हरीसाठी निघाले' असा संदेश येतो. दिवसभर घरातले कोणीतरी फोन हातात धरून बसते. रात्री नऊच्या सुमारास दुसरा संदेश येतो: 'ग्राहक उपलब्ध नव्हते', किंवा त्याहून वाईट, 'ग्राहकाच्या विनंतीवरून तारीख पुढे ढकलली'. फोन आलेला नसतो. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत कोणाची नोंद नसते. आम्ही विनंती केलेली नसते. खोटी नोंद आमच्या नावावर टाकली जाते आणि उशिराचा हिशेब तुमच्या खात्यातून आमच्या खात्यात सरकवला जातो. मला सगळ्यात जास्त चीड याची आहे. पावसात, ट्रॅफिकमध्ये उशीर झाला तर तो समजून घेणारी माणसे आम्ही आहोत. उल्हास नदीला पूर आला की इथे काय होते, हे आम्हाला शिकवायला नको. पण उशीर तुमचा आणि सही आमची, हे सहन करणार नाही.

तक्रार करायला जावे तर चॅटवर आधी यंत्र बोलते, मग माणूस बोलतो आणि दोघेही तेच वाक्य देतात: 'असुविधेबद्दल क्षमस्व, कृपया आणखी २४ ते ४८ तास थांबा.' फारच लावून धरले तर थोडे पैसे वॉलेटमध्ये टाकतात. तेही पुन्हा तुमच्याकडेच खर्च करायचे.

इकडे फीचे काय झाले? ॲमेझॉन प्राइम जुलै २०१६ मध्ये भारतात आले तेव्हा वर्षाची सुरुवातीची फी ४९९ रुपये होती. ती ९९९ झाली आणि डिसेंबर २०२१ पासून १४९९. जून २०२५ पासून त्याच सभासदत्वातल्या व्हिडिओंमध्ये जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला वेगळे ६९९ रुपये मागितले गेले. झोमॅटोने १६ मे २०२५ पासून पावसातला जादा आकार गोल्ड सभासदांनाही लावला. अंबरनाथ-बदलापुरात पाऊस किती महिने असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कंपनीला अटी बदलण्याचा हक्क आहे, असे उत्तर येईल. असेल. पण फी आधी घ्यायची आणि सभासदत्व चालू असताना सवलत काढून घ्यायची, याला आम्ही सौद्याचा भंग मानतो.

हा प्रश्न चिखलोलीपुरता नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन डीसीत, तिथले ॲटर्नी जनरल ब्रायन श्वॉल्ब यांनी ॲमेझॉनवर दावा दाखल केला. आरोप असा की शहराच्या २००१९ आणि २००२० या दोन पिनकोडमध्ये कंपनीने आपल्या स्वतःच्या वेगवान गाड्या पाठवणे २०२२ पासून बंद केले, माल टपालखाते आणि दुसऱ्या वाहतूकदारांकडून पाठवायला सुरुवात केली, पण तिथल्या सुमारे ४८ हजार सभासदांना हे सांगितलेच नाही. फी पूर्ण घेतली. कंपनीचे म्हणणे, चालकांच्या सुरक्षेसाठी असे करावे लागले. ते कारण खरे धरले तरी माझा प्रश्न उरतोच: मग सभासदांना सांगितले का नाही? आणि फी कमी का केली नाही? हाच प्रश्न मी इथल्या प्रत्येक कंपनीला विचारतो. चिखलोलीत, बदलापूरच्या कडेच्या सोसायट्यांत, उल्हासनगरच्या आतल्या कॅम्पांत तुमची झटपट सेवा परवडत नसेल तर नका देऊ. पण सभासदत्व विकताना आमचा पिनकोड विचारा आणि 'तुमच्याकडे माल तीन दिवसांनी येईल' असे मोठ्या अक्षरात लिहा. मग घ्यायचे की नाही, ते आम्ही ठरवू.

वेळेचे खोटे आश्वासन कायद्यात बसत नाही, हे आपल्याकडेही ठरलेले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने रॅपिडोला १० लाख रुपयांचा दंड केला. '५ मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये' अशी तिची जाहिरात होती. प्रत्यक्षात ५० रुपये रोख नव्हते, ॲपमधली नाणी होती, तीही 'पन्नासपर्यंत', बाइकच्या फेरीसाठी आणि सात दिवसांपुरती. हमी कंपनीची नसून चालकाची आहे, असे अटींत लिहिले होते. प्राधिकरणाने ते मान्य केले नाही आणि ज्यांना कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत त्यांना ते द्यायला सांगितले. तेव्हा 'अटी लागू' या दोन शब्दांआड लपता येईल, असे कोणी समजू नये.

सभासदत्व रद्द करू पाहणाऱ्याची जी दमछाक होते, तिलाही कायद्यात नाव आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत आणि त्यांत 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' स्पष्ट लिहिला आहे. फुकट चाचणीसाठी आधीच पैसे कापण्याची परवानगी घेणे, रद्द करण्याचे बटण लपवणे, त्यासाठी चार-चार पाने फिरवणे, हे सगळे त्यात येते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने प्राइमबद्दलच्या अशाच आरोपांवर तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना २५० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. त्यातले १५० कोटी ग्राहकांना परतावा म्हणून. तिथे परत देता येतात, तर इथेही देता आले पाहिजेत.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. हा इशारा पार्सल घेऊन येणाऱ्या मुलांविरुद्ध नाही. ही मुले आपल्याच अंबरनाथ-उल्हासनगरची आहेत. पाठीवर डोक्याइतकी उंच पिशवी, स्वतःची गाडी, स्वतःचे पेट्रोल आणि एका फेरीत न संपणारी यादी. 'ग्राहक उपलब्ध नव्हते' हे बटण दाबायला त्यांना भाग पाडणारी रचना वर बसलेल्यांनी केली आहे. म्हणून शेजाऱ्यांनाही बजावतो: गेटवर त्या पोराशी भांडू नका, त्याला कमी रेटिंग देऊन राग काढू नका. आम्हाला दहा मिनिटांत कोथिंबीर नको आहे. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांशी बोलल्यावर ब्लिंकिटने दहा मिनिटांचा दावा जाहिरातीतून काढला, ते योग्यच झाले. आमची मागणी घाईची नाही. दिलेली तारीख खरी असावी, एवढीच आहे.

आता मागण्या. आमच्या पिनकोडला प्रत्यक्षात किती दिवसांत माल येतो, हे सभासदत्व विकण्याच्या पानावर दाखवा. कबूल केलेली तारीख चुकली तर फीचा त्या प्रमाणातला भाग ज्या खात्यातून घेतला त्याच खात्यात परत करा, वॉलेटमध्ये नको. 'ग्राहक उपलब्ध नव्हते' अशी नोंद करण्याआधी ग्राहकाला फोन गेल्याचा पुरावा ठेवा आणि मागितल्यावर दाखवा. वर्षाच्या मध्ये सवलत काढली तर उरलेल्या महिन्यांची फी परत घेण्याचा पर्याय द्या. आणि ज्या सोपेपणाने सभासद होता येते, त्याच सोपेपणाने बाहेर पडू द्या.

यासाठी आजपासून ३० दिवस दिले आहेत. ही मुदत मनाने काढलेली नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात ती सोडवायची असते. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क तुमच्या ॲपवर असणे सक्तीचे आहे. आमच्या तक्रारी त्याच्याकडे लेखी जातील. चॅटवरच्या गोड बोलण्याला आम्ही उत्तर समजणार नाही.

एकतिसाव्या दिवशी काय होईल, तेही ऐकून ठेवा. पहिली तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. दुसरी ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १७ खाली अनेक ग्राहकांच्या हिताला बाधक अशा प्रकाराची तक्रार त्यांच्याकडे करता येते आणि तिथून अहवाल केंद्रीय प्राधिकरणाकडे जातो. तिसरी ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात त्याला दाद मागता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. कलम ३५ प्रमाणे, आयोगाच्या परवानगीने, एकसारखे गाऱ्हाणे असलेल्या अनेकांच्या वतीने एकच तक्रार करता येते. वेगवेगळ्या पन्नास रुपयांच्या नुकसानीसाठी कोण कोर्टात जाणार, हे तुमचे गणित आहे. ते आम्ही एकत्र येऊन चुकवणार आहोत. आयोगाचा आदेश पाळला नाही तर कलम ७२ मध्ये तुरुंगवासाची तरतूद आहे, याची तुमच्या विधी विभागाला आठवण असेलच.

त्याच दिवसापासून आम्ही सभासदत्वाचे नूतनीकरण थांबवू. बँकेतली किंवा यूपीआयवरची ऑटोपेची परवानगी ग्राहक केव्हाही मागे घेऊ शकतो. त्यासाठी तुमच्या ॲपची मेहेरबानी लागत नाही.

आमच्यापुढे दुसरा मार्ग नाही, असे समजू नका. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सभासद कुटुंबांचे गट करून महिन्याचे वाणसामान एकत्र खरेदी करण्याची आणि गटातच वाटून घेण्याची पद्धत उभी केली. ॲप नव्हते, मोबाइल नव्हता. वर्गणी होती, यादी होती आणि गटातली माणसे आळीपाळीने काम करत होती. या कामात संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखा माणूस होता. तीच पद्धत चिखलोलीच्या सोसायट्यांत आज जास्त सोपी आहे. शेकडो घरांची सोसायटी तेल, डाळ, साबण, डायपर यांची महिन्याची यादी एकत्र करून उल्हासनगरच्या घाऊक बाजारात गेली तर भावही पडतो आणि मालही डोळ्यांनी पाहून घेता येतो. शिवाय कोपऱ्यावरचा किराणावाला आहे. तो फोनवर यादी घेतो, पोराबरोबर सामान पाठवतो आणि एखादी वस्तू नसेल तर 'नाही' असे तोंडावर सांगतो. त्याने यासाठी कधी सभासद फी मागितलेली नाही. तुमच्या सवलतींच्या नादात आम्ही त्याच्याकडे जाणे कमी केले. आता ते पुन्हा वाढवू.

शेजाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. ऑर्डर देताना दिसलेल्या तारखेचा स्क्रीनशॉट आजपासून ठेवा. 'उपलब्ध नव्हते' असा संदेश आला की त्या वेळची कॉल यादी आणि गेटच्या वहीचा फोटो काढा. फीची पावती, पैसे कापल्याचा बँकेचा संदेश, चॅटमधली उत्तरे, काहीही पुसू नका; तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. सभासदत्वाची मुदत कधी संपते ते आज रात्री पाहा आणि ऑटोपे चालू असेल तर एकतिसाव्या दिवशी बंद करा. महिना संपला की सगळे कागद एका ठिकाणी आणा. ज्याला लिहिता येत नाही त्याची तक्रार शेजाऱ्याने लिहून द्यावी आणि तिच्यावर त्याची सही घ्यावी.