हिरव्या खडकांची साक्ष

तारापूरचा समुद्र ठणठणीत आहे, असं ठासून सांगणारी मंडळी आहेत. त्यांचं म्हणणं असं: नवापूर-आलेवाडीचे खडक ओहोटीला हिरवेगार दिसतात, पाणी विषारी असतं तर शेवाळ धरलंच नसतं. शिवाय शेवाळ धातू शोषतं, म्हणजे सफाई आपोआपच होते. आणि समुद्र तर अफाट!

अफाट खराच, पण इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं सांडपाणी आधी किनाऱ्यालगतच पसरतं, आणि मच्छीमाराची जाळीही तिथंच पडतात.

सगळ्यात घातक दाखला हिरव्या खडकांचा. चिलीतल्या चान्यारालच्या उपसागरात तांब्याच्या खाणीचा गाळ १९३८पासून कित्येक दशकं सोडला गेला. तिथल्या खडकांवरून नाना जातींची शैवालं नाहीशी झाली. तगून राहिली ती मुख्यतः उल्वा कॉम्प्रेसा, एक हिरवी जात. खडक तिथंही हिरवेच होते! तांबं सोसणारं शैवाल इतरत्रही सापडतं: शेवाळ धरू नये म्हणून जहाजांच्या तळाला तांब्याचा रंग लावतात. त्या तळांवरच एक्टोकार्पस या तपकिरी शैवालाची तांबं सोसणारी वाणं सापडल्याची नोंद १९७०ची आहे. तांबं आणि जस्त शैवालाला कणभर लागतंच. मात्रा वाढली की तेच तांबं प्रकाशसंश्लेषण मंदावतं, बीजाणू रुजू देत नाही. वाढलेलं शेवाळ तग धरतं, नवी पिढी धरत नाही. त्यामुळे खडक हिरवा आहे का, हा प्रश्नच अपुरा. त्यावर किती जाती उरल्या, हे विचारायला हवं. ते कुणी विचारत नाही.

आपोआप सफाईचा दावा तर टिकतच नाही. तपकिरी शैवालाच्या पेशीभित्तीतलं अल्जिनेट धातूला धरून ठेवतं, नष्ट करत नाही. शेवाळ कुजलं की धातू पुन्हा पाण्यात किंवा गाळात. गोगलगायींनी खाल्लं की त्यांच्या पोटात.

इथं एक जुना वाद हटकून निघतो. तारापूरचं नाव काढलं की चर्चा १९६९च्या अणुवीज केंद्राकडे वळते, किरणोत्सर्गावर भांडणं होतात आणि शेजारच्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी बाजूलाच राहतं. २०१८च्या देशव्यापी प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह सर्वांत वर होतं. हा आकडा त्या भांडणांत क्वचितच येतो.

मग करायचं काय? पाण्याचा नमुना त्या घटकेचं सांगतो. शेवाळाच्या अंगात आठवड्यांचा हिशेब साठतो. पावसाळा सरून नवं शेवाळ धरलं की नवापूर आणि तुलनेसाठी केळवे इथून एकाच जातीचे नमुने एकाच आठवड्यात घ्यावेत, तांबं, जस्त, कॅडमियम, शिसं तपासावं, खडकावरच्या जाती मोजाव्यात आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, दरवर्षी.