बहात्तर तासांचे सोवळे

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे विचारणारे सद्गृहस्थ मला ठाऊक आहेत. फराळाच्या ताटाशेजारी निरोध फाटल्याची गोष्ट काढलेली त्यांना खपणार नाही. हा लेख त्यांच्यासाठीच आहे, कारण माझी फिर्यादही त्यांच्याविरुद्धच आहे.

निरोध फाटतो. कधी त्याची मुदत उलटलेली असते, कधी तो महिनोन् महिने खिशातल्या पाकिटात घामाने उबत पडलेला असतो, कधी वर खोबरेल तेल नाही तर व्हॅसलीन लावलेले असते. तेलाने रबर थोड्याच वेळात दुबळे होते, ही गोष्ट आपल्या कोणत्या शाळेत शिकवतात? औषधवाला वर्तमानपत्रात गुंडाळून पुडके देतो आणि आपण ते चोरासारखे खिशात घालतो. त्यावरील बारीक अक्षरे वाचावयास कोण थांबणार!

मग एच्. आय. व्ही.ची धास्ती सुरू होते. धोका आहे तरी किती? जोडीदाराला लागण झालेली आहे आणि उपचार चालू नाहीत असे धरले, तरी स्त्रीपुरुषांच्या नेहमीच्या संबंधात एका वेळेस स्त्रीला तो दहा हजारांत सुमारे ८ आणि पुरुषाला सुमारे ४ इतका असतो. गुदसंभोगात स्वीकारणाऱ्याला मात्र तो सुमारे १३८, म्हणजे पुष्कळच मोठा. जोडीदार नियमित औषधे घेत असेल आणि त्याच्या रक्तातील विषाणू मोजता येणार नाहीत इतके घटलेले असतील, तर संबंधातून लागण होतच नाही. आणि धोका खरोखरीच असेल तर त्यावर उपाय आहे. ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके उत्तम, औषधे सुरू करावयाची आणि २८ दिवस न चुकता घ्यावयाची. लागण बहुतांशी टळते. रुग्णालयात सुई टोचलेल्या परिचारिकेला ही औषधे देण्याची रीत जुनीच आहे. तुझे लग्न झाले आहे काय, असे तिला कोणी विचारीत नाही.

माझ्या ओळखीच्या एका तरुणाला मात्र ते विचारले गेले. शिकण्यासाठी पुण्यात आलेला पोरगा. शनिवारी रात्री हे घडले. रविवार त्याने खोलीत पडून काढला. घरच्या डॉक्टरांना विचारावे तर ते वडिलांचे मित्र. सोमवारी तो दूरच्या पेठेतील एका दवाखान्यात गेला. तेथील गृहस्थांनी आधी लग्नाची चौकशी केली, मग दहा मिनिटे संस्कारांवर प्रवचन दिले आणि शेवटी रक्ताची चाचणी लिहून दिली. औषधाचा शब्द काढला नाही. चाचणी ‘निगेटिव्ह’ आली आणि पोराने सुटकेचा निःश्वास टाकला. मंगळवारी रात्री बहात्तर तास संपले. शुक्रवारी तो माझ्याकडे आला आणि “काका, सुटलो ना मी?” असे विचारू लागला. काय सांगणार! तिसऱ्या दिवशीची चाचणी शनिवारच्या आधीची हकीकत सांगते. शनिवारच्या रात्रीविषयी ती काहीच बोलत नाही. शिरेतले रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणाऱ्या नव्या पद्धतीच्या चाचणीला खात्रीसाठी ४५ दिवस द्यावे लागतात, बोट टोचून तात्काळ होणाऱ्या चाचणीला ९० दिवस.

पुढे तीन महिन्यांनंतरची चाचणीही स्वच्छ आली. तरी तो थांबला नाही. अंगावर पुरळ दिसला की चाचणी, घसा धरला की चाचणी. एकूण सात झाल्या. ह्याला मी अडाणीपणा म्हणत नाही. डॉक्टराने त्याच्या कपाळी पातक लिहिले होते आणि ते पुसल्याचा दाखला तो रक्ताच्या कागदात शोधीत होता. तो तेथे कसा मिळावा?

भीती असली म्हणजे तरुण मंडळी मर्यादेत राहतात, असा आमच्या संभाविताचा युक्तिवाद आहे. रात्री ती राहिली नाहीत, हे उघडच आहे. सकाळी मात्र ती भीतीने घरी बसली. म्हणजे भीतीने संबंध थांबला नाही, उपचार तेवढा थांबला! आणि त्या मुलीचे काय? गर्भाची तातडीची गोळी आणावयाची तीही एकटीने, पोटात दुसराच गोळा घेऊन.

हे सोवळे जुने आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवीत होते. वाचकांच्या अशाच भयभीत प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडली बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला तरी हरला. आणि २०१७ च्या डिसेंबरात सरकारने दूरचित्रवाणीवाल्यांना काय सांगितले? निरोधाच्या जाहिराती रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात दाखवा. हे बंधन उत्तान जाहिरातींपुरतेच, असा खुलासा पुढे आला म्हणा.

कायदा ह्या संभावितांहून शहाणा निघाला. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात असलेल्या एच्. आय. व्ही. कायद्याप्रमाणे माणसाच्या संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि तिचा निकाल चव्हाट्यावर मांडता येत नाही. सरकारी केंद्रांत ती फुकट होते, समुपदेशकही असतो. १०९७ ह्या क्रमांकावर फुकट विचारता येते. एवढे असून त्या पोराला ह्यातले काहीच ठाऊक नव्हते, आणि तो विज्ञान शाखेचा पदवीधर आहे.

माझे मागणे अगदी लहान आहे. निरोधाच्या प्रत्येक पुडक्यावर ठळक मराठीत एक ओळ छापावी: ‘फाटल्यास बहात्तर तासांच्या आत रुग्णालयात जा, माहितीसाठी १०९७.’ अशा ओळीने पोरे बिघडतील, असे कोणी म्हणेलच. ज्याच्या हातात ते पुडके आहे, त्याला बिघडविण्याचे काय शिल्लक राहिले आहे, तेवढे त्यांनी मला समजावून सांगावे.