लस आपली, दक्षताही आपलीच हवी

१९९८ साली अमेरिकेत रोटाव्हायरसजन्य अतिसारावरील 'रोटाशील्ड' ही लस वापरात आली. काही बालकांचे आतडे आतड्यातच शिरून अडकल्याच्या जेमतेम १५ नोंदी तेथील यंत्रणेकडे जमा झाल्या आणि १९९९ मध्ये लसीकरण थांबले. धोका सुमारे दहा हजारांत एक एवढाच होता, तरीही तो टिपला गेला. हीच घटना एखाद्या गरीब देशातील खेड्यात घडली असती तर? बालक घरीच दगावले असते. मृत्यूची नोंद झाली नसती, अफवा मात्र गावोगाव पोहोचली असती.

हा प्रश्न काल्पनिक नाही. २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प राबविण्यात आला. सात मुलींच्या मृत्यूची वार्ता आली आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. मृत्यूंचा लसीशी संबंध नसल्याचे चौकशीत आढळले. परंतु पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांनी संमतिपत्रांवर केलेल्या सह्या आणि दुष्परिणामांच्या नोंदींतील ढिलाई यांवर संसदीय समितीने २०१३ मध्ये कठोर ताशेरे ओढले. दोष लसीचा नव्हता, व्यवस्थेचा होता; तरीही लोकांचा विश्वास उडाला तो लसीवरून.

आपण मनात आणले तर काय करू शकतो, याचेही उदाहरण आपल्याच देशात आहे. दिल्लीत मिळालेल्या विषाणूपासून विकसित झालेली स्वदेशी 'रोटाव्हॅक' लस २०१६ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमात आली. तिच्यावर नजर ठेवण्यासाठी १० राज्यांतील २७ रुग्णालये जोडण्यात आली. आतडे अडकण्याचा धोका या लसीमुळे वाढत नाही, हा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तो आपल्या बालकांवरील, आपल्या डॉक्टरांच्या नोंदींवर आधारलेला होता. परक्यांच्या आकड्यांची उसनवारी करावी लागली नाही.

पुण्यात तयार झालेली मेंदूज्वरावरील लस २०१० मध्ये बुर्किना फासो, माली व नायजर या देशांतील लक्षावधी लोकांना देण्यात आली. जगातील गरिबांना लस पुरविणाऱ्या देशाने त्यांना दक्षतेची पद्धतही द्यावयास नको काय? मात्र त्यासाठी आधी आपले घर सावरावे लागेल. राष्ट्रीय व जिल्हास्तरीय समित्या आहेत. पण नोंद केली तर आपल्यावरच कारवाई होईल, हे परिचारिकेच्या मनातील भय दूर झाल्याविना त्यांच्यापर्यंत सत्य पोहोचणार नाही. खासगी डॉक्टरांनीही या कामी हात आखडता घेऊ नये.

आपले कर्तव्यही लहान नाही. लस दिल्यावर बालकाला अर्धा तास केंद्रातच थांबवावे. नंतर काही वावगे दिसल्यास शेजारपाजारी कुजबुज न करता आशा कार्यकर्तीला वा आरोग्य केंद्रास कळवावे. एक प्रामाणिक नोंद शंभर अफवांना पुरून उरते.