आवृत्ती नसलेल्या पुस्तकाचा प्रकाशक

मागणीनुसार छपाई करणाऱ्या छोट्या प्रकाशकांचा विषय निघाला, की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट नाक मुरडतो : ‘ते कसले प्रकाशक? झेरॉक्सवाले!’ दुसरा हरखून जातो : ‘प्रकाशकाच्या जिन्यावर चपला झिजवायचे दिवस संपले, लेखक मोकळा झाला.’ मला दोन्ही तट सारखेच चुकलेले दिसतात. दोघांचंही लक्ष यंत्रावर आहे. पैसे कोण कोणाला देतंय, हे कुणी विचारत नाही.

नाक मुरडणारे आधी घेऊ. ऑफसेटवर छापायचं तर प्लेटा करा, यंत्र लावा, रंग जुळवा. दहा प्रती काढा की हजार, हा खर्च तेवढाच. म्हणून आपल्याकडे हजाराच्या आवृत्तीची सवय पडली. पुढे ती पाचशेवर आणि तीनशेवर घसरली. डिजिटल छपाईत प्लेटच नाही, त्यामुळे पहिली प्रत आणि शंभरावी प्रत जवळपास एकाच भावात पडते. तो भाव ऑफसेटच्या मोठ्या आवृत्तीपेक्षा चढा असतो, हे कबूल. पण पलंगाखाली गठ्ठे राहत नाहीत. एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत, गावाचा इतिहास, बोलीचा शब्दकोश, वीस वर्षं बाजारात नसलेलं एखादं प्रवासवर्णन... यांना वाचक दोनशेच असतात, पण ते खरे असतात. अशा पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती काढणं म्हणजे वाळवीला आमंत्रण.

‘छोटा’ हा तर आक्षेपच नव्हे. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७६ साली आली ती चार कवींनी मिळून चालवलेल्या मुंबईच्या क्लिअरिंग हाऊसकडून. पुढच्याच वर्षी ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला. दोन्ही घरं एखाद्या खोलीत मावतील एवढी. आणि लेखकाने पदरचे पैसे घातले म्हणून पुस्तक हिणकस ठरत असेल, तर १८७३ साली जोतीराव फुल्यांनी स्वतः छापवून घेतलेल्या ‘गुलामगिरी’चं काय करायचं? शिवाय ‘दोनशे प्रती तुम्ही उचला, मग बघू’ असं कानात सांगणारे प्रतिष्ठित प्रकाशकही आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांच्याबद्दल बोलताना आवाज का खाली येतो?

आता हरखलेल्यांकडे. त्यांचं आवडतं वाक्य : ‘शंभर टक्के रॉयल्टी.’ शंभर टक्के, पण कशाचे? हिशेब मांडून बघू. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये. छपाई-बांधणीला १३० गेले, विक्रेत्याचं कमिशन ४० टक्के म्हणजे १२०. राहिले ५०. हे पन्नास म्हणजे ते शंभर टक्के. चालीरीतीच्या १० टक्के मानधनात ३० रुपये मिळाले असते, म्हणजे वीस रुपये जास्त. नाही म्हणायचं कारण नाही. पण या वीस रुपयांसाठी लेखकाने आधी ४०,००० रुपयांचं ‘पॅकेज’ घेतलेलं असलं, तर नुसती मुद्दल सुटायला आठशे प्रती खपायला हव्यात. आठशे प्रती खपण्याची खात्री असती, तर जुन्या पद्धतीच्या प्रकाशकानेच गाडीभाडं देऊन बोलावलं असतं! पॅकेजात ‘आयएसबीएन शुल्क’ अशीही एक ओळ दिसते. हा क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय संस्थेकडून फुकट मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावावरही घेता येतो. फुकटातल्या वस्तूचे दाम लावणाऱ्याच्या बाकीच्या ओळी भिंग घेऊन वाचाव्यात.

दुसरं, अक्षरांचं. संकेतस्थळावर फाईल चढवली की पुस्तक तयार, हा समज रोमन लिपीपुरता ठीक असेल. मराठी हस्तलिखित जुन्या डीटीपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलं की ‘दुसऱ्या’मधला अर्धा र गळतो, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ल आणि श हिंदी वळणाचे होतात. हे दुरुस्त करायला मुद्रितशोधक लागतो, आणि तो ओळीओळीने वाचतो. ज्या प्रकाशकाने फाईल आली तशी छापली त्याला नाक मुरडणाऱ्यांनी झेरॉक्सवाला म्हटलं, तर तेवढ्यापुरता मीही त्यांच्या बाजूला.

पण खरी मेख करारात आहे. मराठीतला जुना व्यवहार आवृत्तीवर चालायचा : अमुक प्रतींची परवानगी, त्या संपल्या की पुढचं बोलणं नव्याने. मागणीनुसार छपाईत आवृत्ती नावाची गोष्टच उरत नाही. (पन्नास-पन्नास प्रती काढून ‘सहावी आवृत्ती’ असं मुखपृष्ठावर छापणारे विनोदी लोक सोडून द्या.) आवृत्ती नाही म्हणजे ती संपणं नाही. वर्षाला दोन प्रती गेल्या तरी पुस्तक ‘उपलब्ध’च, आणि ‘उपलब्ध असेपर्यंत हक्क प्रकाशकाकडे’ असं कलम असेल तर लेखक आयुष्यभर बांधला गेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने इथे थोडी सोय ठेवली आहे : हक्कांचं हस्तांतर लेखी हवं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. पण सही करताना मुदतच ‘कायम’ लिहिलेली असेल, तर कलम १९ ची ही पाच वर्षं मदतीला यायची नाहीत.

मग योग्य छोटा प्रकाशक ओळखायचा कसा? माझी परीक्षा गावठी आहे. अशा एका ठिकाणी मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणालो, ‘तुमचं एक पुस्तक विकत हवंय.’ उत्तर आलं, ‘ऑनलाइन बघा.’ आठवड्याने म्हणालो, ‘माझं एक हस्तलिखित आहे.’ ‘सर, किती पानं?’ दहा मिनिटांत उलट फोन, तासाभरात दरपत्रक. या घराचं गिऱ्हाईक वाचक नाही, लेखक आहे, हे कळायला आणखी काय हवं? याउलट, लेखकाकडून निर्मितीखर्च उघडपणे घेणारा, पण संपादनाचा खर्च वेगळा दाखवणारा, दोन-तीन वर्षांची मुदत लिहून देणारा, मुदत संपल्यावर जुळणीची फाईल परत करणारा आणि वर्षाकाठी विकलेल्या प्रतींचा हिशेब न मागता धाडणारा छोटा प्रकाशक मला मोठ्या नावापेक्षा जवळचा वाटतो. त्याच्याकडे कुलवृत्तांत द्यावा, शब्दकोश द्यावा, प्रबंध द्यावा. शेकडो वाचनालयांत पोचायला हवी अशी कादंबरी मात्र देऊ नये. ते जाळं त्याच्याकडे नसतं, आणि प्रामाणिक असेल तर तोच तसं सांगतो.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त मास्तर गावाचा इतिहास घेऊन अशाच एका पॅकेजवाल्याच्या उंबरठ्यावर उभे होते. मी त्यांना करार घरी आणायला लावला. मास्तरच ते, ‘उपलब्ध असेपर्यंत’ या दोन शब्दांना त्यांनी लाल पेनाने गोल केला, समासात ‘मुदत?’ लिहिलं आणि कागद परत पाठवला. त्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. ‘ऑफर महिनाअखेरपर्यंतच’ असा संदेश मात्र दोनदा येऊन गेलाय.