विश्लेषण : प्रोबायोटिक जिवाणू आतड्यापर्यंत जिवंत पोहोचतात का?

दही, ताक, आइस्क्रीम, पावडर... अनेक पाकिटांवर हल्ली 'प्रोबायोटिक' हा शब्द ठळक दिसतो आणि तो वाचून ग्राहक चार पैसे जास्त मोजतो. पण पाकिटात भरलेले जिवाणू खाणाऱ्याच्या आतड्यापर्यंत जिवंत पोहोचतात का, हा खरा प्रश्न आहे.

जिवंत असणे महत्त्वाचे का?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. मात्र उष्णता, ओलावा, प्राणवायू आणि जठरातील आम्ल यांमुळे त्यांतील बरेचसे वाटेतच मरतात.

कवच कसे तयार होते?

यावरचा एक उपाय म्हणजे मायक्रोएन्कॅप्सुलेशन, म्हणजेच जिवाणूंभोवती सूक्ष्म कवच. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटच्या द्रावणात जिवाणू मिसळतात. त्याचे बारीक थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडले की ते घट्ट होऊन जेलीसारखे मणी बनतात. जठरातील आम्लात हे मणी बऱ्याच अंशी टिकतात. आतड्यात आम्लता कमी झाल्यावर ते फुगून सुटतात आणि जिवाणू बाहेर पडतात.

मर्यादा कोणत्या?

मणी सच्छिद्र असल्याने थोडे आम्ल आत शिरतेच, म्हणून अनेकदा वरून आणखी एक थर द्यावा लागतो. मणी मोठे असतील तर दही रवाळ लागते, फार लहान केले तर संरक्षण घटते. बिस्किटे भाजतानाची उष्णता तर साध्या कवचाला सहसा झेपत नाही. शिवाय खर्च वाढतो, तो ग्राहकाच्याच माथी येतो.

ग्राहकाने काय पाहावे?

कवच आहे म्हणून जिवाणू जिवंत आहेत, असे गृहीत धरता येत नाही. कारखान्यात किती जिवाणू भरले यापेक्षा मुदत संपण्याच्या दिवशी किती उरले, हा आकडा महत्त्वाचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच अपेक्षा आहे. जिवाणूचे पूर्ण नाव, हा आकडा आणि साठवणुकीचे तापमान वेष्टनावर सहज वाचता येईल अशा अक्षरांत हवे. ते नसेल, तर जास्तीचे पैसे ग्राहक जिवाणूंसाठी नव्हे, नुसत्या शब्दासाठी मोजत असतो.